सुकाणूच्या बेटावर

संस्कृतीचे तीन गुण कमी पडत होते, आणि रविवार चार दिवसांवर आला होता.

माईंनी चष्मा पुसला आणि टॅबलेट पुन्हा जवळ ओढला. पडद्यावर खेळातला निळा समुद्र, विखुरलेली बेटे, पांढऱ्या खांबांची ग्रीक देवळे. पाच नगरे त्यांच्या ताब्यात होती. सहावे वसवायचे, तर संस्कृतीची पातळी चढावी लागे, आणि ती नुसत्या सैन्याने चढत नसे. उत्सव करावेत, रंगमंदिरात नाटके लावावीत, विजययात्रा काढाव्यात, तेव्हा कुठे दिवसाकाठी एखादा गुण पदरात पडे.

“माई, रविवारी संध्याकाळी सहाला हे जग बंद होणार, सगळं पुसलं जाणार,” नात म्हणाली. “आता सहावं नगर काय डोक्यावर घेऊन नाचायचंय?”

“नाचायचं की नाही ते मी ठरवीन. तू उत्सवाला लाकूड किती लागतं तेवढं सांग.”

माईंनी बत्तीस वर्षे शाळा चालवली होती. खोटे बोलणाऱ्याची त्यांनी कधी गय केली नाही. मग तो विद्यार्थी असो की विश्वस्त. आणि त्याच माई गेले सव्वा वर्ष रोज सकाळी एक खोटे बोलत होत्या. नातीखेरीज हे कुणालाही ठाऊक नव्हते.

हा खेळ मुळात त्यांच्या यजमानांचा. निवृत्तीनंतर अकरा वर्षे ते ‘सेनापती’ या नावाने खेळले. खेळात त्यांना एकच जिवलग लाभला, ‘सुकाणू’. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नव्हते; शिव्या मात्र पोटभर दिल्या होत्या. पुढेपुढे सुकाणूची जीभ मवाळ झाली. “परवा विचारत होता, जेवलास का, गोळी घेतलीस का,” यजमान हसून सांगत. “म्हातारा झाला लेकाचा!”

यजमान गेले. आठव्या दिवशी मित्राला कळवावे म्हणून माईंनी खेळ उघडला, तर निरोप येऊन पडलेला : “सेनापती, आठ दिवस कुठे आहेस? तू दिसलास की माझी सकाळ सुरू होते.”

माईंचे बोट थबकले. ज्याची सकाळ सेनापतीच्या नावापुढच्या या एका दिव्यावर उजाडते, त्याच्यापुढे तो दिवा कोणत्या तोंडाने मालवायचा? त्यांनी लिहिले, “जिवंत आहे अजून, गाढवा.”

शाळेतल्या व्रात्यातल्या व्रात्य मुलालाही त्यांनी कधी गाढव म्हटले नव्हते.

यजमानांनी सुकाणूला शब्द दिला होता, की एक दिवस तुझ्या बेटावर येऊन शेजारी राहीन. तेवढा एकच शब्द पाळायचा राहिला होता. यजमानांच्या माघारी तो पडू द्यायचा नाही, हे माईंनी मनाशी पक्के केले होते.

शुक्रवारपर्यंत एक उत्सव आणि एक नाटक पार पडले. दोन गुण मिळाले आणि कोठारे रिकामी झाली. उरलेला गुण आता विजययात्रेतूनच येणार होता, आणि लढाई जिंकल्याशिवाय यात्रा कसली!

दुपारी सुकाणूचा निरोप आला : “उत्तरेचे लोक माझ्यावर चाल करून येतायत. तू मध्ये पडू नकोस. स्वतःला सांभाळ.”

“शहाणा आहे,” नात म्हणाली. “सगळं सैन्य तिकडे धाडलंस, तर मागे आपली नगरं उघडी पडतील. जो येईल तो लुटून जाईल.”

“तुझ्या आजोबांनी काय केलं असतं?”

नातीने गलबतांची यादी उघडली.

“मग झालं तर.”

पाचही नगरांतले शिपाई गलबतांवर चढले. शनिवारी सकाळी सुकाणूचा तट जागच्या जागी उभा होता. मागे माईंची दोन नगरे लुटली गेली होती. त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. विजययात्रा निघाली. रविवारी पहाटे तिसरा गुण पदरात पडला आणि वसाहतीचे जहाज बंदरातून सुटले.

संध्याकाळी पाच वाजता सुकाणूच्या बेटावर, त्याच्या तटाला लागून, सहावे नगर उभे राहिले.

“आलास एकदाचा,” सुकाणूने लिहिले. “किती वाट पाहायला लावलीस!”

माईंनी ती ओळ दोनदा वाचली. शब्द पाळून झाला होता. आता राहिले होते ते खोटे.

“माई, नको,” त्यांचा चेहरा ओळखून नात म्हणाली. “तासाभरात सगळं जाणारच आहे. त्या बिचाऱ्याला सुखानं निरोप घेऊ दे की.”

“फळ्यावर चूक तशीच ठेवून मी कधी वर्गातून बाहेर पडले नाही.”

त्या एकेक अक्षर शोधून लिहू लागल्या. अर्धा तास गेला. एकही शब्द त्यांनी नातीला विचारला नाही.

“महाशय, मी सेनापती नव्हे. मी त्यांची पत्नी. माझ्या यजमानांना जाऊन सव्वा वर्ष झालं. तुम्हाला कळवायचं म्हणूनच मी पहिल्या दिवशी इथे आले होते, पण तुमचा निरोप वाचला आणि हात धजला नाही. रोज तुमच्याशी त्यांच्या नावानं बोलले. ही फसवणूक होती. तुम्ही मला क्षमा करावी, अशी माझी अपेक्षा नाही.”

निरोप गेला. नातीने आजीच्या खांद्यावर हात ठेवला. माई ताठ बसून होत्या. निकाल ऐकताना ताठ राहायची सवय त्यांनी आयुष्यभर मुलांना लावली होती, अगदी तशा. पाच मिनिटे गेली, दहा गेली. पडद्याच्या कोपऱ्यात शेवटची मिनिटे उतरत होती.

सहाला चार मिनिटे कमी असताना उत्तर आले.

“ताई, माझे यजमान जाऊन तीन वर्षं झाली. सेनापतींना कळवायचा धीर मला झाला नाही.”