शेंदूर लागलेला नांगर

जेटीसाठी गाळ उपसताना यंत्राच्या पंज्यात तीन भोकांचा दगड आला आणि सुपरवायझर वायंगणकरांना घाम फुटला. जुन्या गलबताचा नांगर! म्हणजे खाली गलबतही असणार. पुरातत्त्व खात्याला कळलं की पाणबुडे येणार, काम लटकणार. त्यांनी गुपचूप दगडाला शेंदूर फासला आणि पिंपळाखाली ठेवून दिला. देवाला कोण हटकतंय?

दुसऱ्याच दिवशी गावाने नारळ फोडले. गुरवाने दगडावर पाकळ्या चिकटवून कौल लावला, "देवा, परत दर्यात जावचा आसा?" उजवी पाकळी पडली. होकार!

"देवाक थंयच, दर्यात रवाचा आसा," गुरव म्हणाला. "जेटी दुसरीकडे बांधा."

वायंगणकरांनी स्वतःच पुरातत्त्व खात्याला फोन लावला. "मॅडम, धावत या! तो देव नाही, नांगर आहे! शेंदूर मीच फासलाय!"

मॅडम आल्या. पिंपळाखालची गर्दी बघून त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि गुरवाला म्हणाल्या, "आम्हाला खाली बुडी मारून गलबत शोधायचंय. देवाला विचारता का?"

उजवी पाकळी टपकन पडली.

वायंगणकरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मुकाट्याने बूट काढले.