लसणाची पाकळी

"घ्या मावशी, तुमचे संवाद!" लेखकाने दोन पानं हातात ठेवली.

विनोदी मालिकेत मावशी मोलकरणीचं काम करायच्या. घरातले भांडू लागले की कोपऱ्यात लसूण सोलत ऐकत राहायचं, बस्स. पण प्रेक्षक आता त्यांच्यावरच फिदा होते.

चौतीस वर्षं रंगमंचावर 'बाईसाहेब, चहा' एवढंच म्हणणाऱ्या मावशींनी ती पानं कपाळाला लावली. आठवडाभर पोळ्या लाटताना घोकली.

तालमीत एक शब्द चुकला नाही. हसलं मात्र कोणीच नाही. "छान झालं हं," साहेबांचं काम करणारा नट म्हणाला, तेच जास्त लागलं.

डोळे टिपून मावशींनी पानं परत दिली. "हे नको. साहेबांना थापा मारू देत. मी ऐकते."

चित्रीकरण सुरू झालं. "मित्राला दवाखान्यात न्यावं लागलं गं," उशिरा घरी आलेले साहेब बायकोला सांगू लागले. मावशींचा हात थांबला. साहेबांकडे बघता बघता त्यांनी सोललेली पाकळी कचऱ्यात टाकली आणि सालं वाटीत.

"कट! पुन्हा घेऊ."

मावशी घाबरल्या. "माझं चुकलं का?"

"नाही हो," दिग्दर्शक म्हणाला, "कॅमेरा हलला. कॅमेरामनला हसू आवरेना."