चालेल

वेहामानं पिंजरा आकड्याला अडकवला, वरची कापडी खोळ काढली आणि दोरीबाहेर येऊन तो मुलाशेजारी उभा राहिला. स्पर्धेच्या मैदानभर शिपाई बुलबुलांचे पिंजरे ओळीनं टांगलेले होते आणि सगळे पक्षी एकदमच बोलायला लागले होते.

"आपला आज रंगात आहे," वेहामा म्हणाला.

"हं," सुक्री म्हणाला. तो पिंजऱ्याकडे बघत होता, पण भिंतीकडे बघावं तसा.

हाच मुलगा लहानपणी पक्ष्याच्या प्रत्येक हाकेला उड्या मारायचा. पुढे तो रबराच्या मळ्यात जायला लागला. रात्रभर चीक काढायला झाडांना चिरा पाडायच्या, डोळा लागू नये म्हणून तिथली सगळीच पोरं लाल गोळी घ्यायची. मग ती मासे पकडतानाही लागायला लागली, मित्रांशी गप्पा मारताना लागायला लागली, पक्षी ऐकताना लागायला लागली. शेवटी मासे, मित्र, पक्षी सगळं गळून पडलं. गोळी तेवढी उरली.

व्यसनमुक्ती केंद्रात ठेवल्यावर तीही सुटली. घरी आलेला सुक्री शांत होता. शेजारीपाजारी कौतुक करत. चहा देऊ? चालेल. भात आणखी वाढू? चालेल. आईनं चुकून बिनमिठाची आमटी वाढली, तीही चालली. वेहामाला या शब्दाची भीती वाटायला लागली होती. उद्या कुणी गोळी पुढे केली, तर तिलाही हा 'चालेल'च म्हणेल.

केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "त्याला पूर्वी जे आवडायचं ते करू द्या. आवडत नसलं तरी करू द्या. आवड हळूहळू परत येते."

"नाही आली तर?"

"मग ती जिथं नक्की मिळते तिथं, गोळीकडेच, तो परत जातो," बाई म्हणाल्या.

म्हणून दर शुक्रवारी वेहामा त्याला मैदानावर आणत होता. दर शुक्रवारी सुक्री खांबासारखा उभा राहत होता. आपला पक्षी एकदा जिंकला की पोराच्या अंगात जीव येईल, असं वेहामानं मनाशी धरलं होतं. त्यानं पक्ष्याला पपई भरवली, रोज उन्हात टांगला, त्याच्याशी बोलत बसला. मुलाशी इतकं बोलायला त्याला जमलं नसतं.

आज पक्षी शेवटच्या फेरीपर्यंत आला होता.

"वेहामा, बक्षिसाची बकरी बांधायला दावं आणलंस ना?" पलीकडून त्याचा मित्र दोलोह ओरडला. "नाहीतर माझी लुंगी घेऊन जा!"

माणसं हसली. सुक्री हसला नाही.

पंच पिंजऱ्याखाली आला. त्याच्या मदतनिसानं बुडाला भोक पाडलेली वाटी बादलीतल्या पाण्यावर सोडली. वाटी बुडेपर्यंत पक्ष्यानं तीनदा पूर्ण हाक द्यायची. पहिली झाली. दुसरी झाली. पक्षी मान ताणून तिसरी घेणार, तोच मदतनिसानं वाटी उचलली. ती अजून बुडाली नव्हती. वेहामानं ते पाहिलं. दोलोहनंही पाहिलं. पण दोघं गप्प राहिले, कारण फेरीची अजून एक पाळी बाकी होती आणि पंचावर जो ओरडेल त्याचा पक्षी बाद, हे मैदानावर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"ए! वाटी बुडाली कुठं?"

वेहामाला क्षणभर कळलंच नाही, कोण ओरडतंय.

सुक्री दोरीखालून आत घुसला होता. "डोळे फुटले का तुझे? पक्षी बोलतोय आणि तू वाटी उचलतोस? बाजारातून आंधळे गोळा करून आणलेत काय इथं?"

"दोरीबाहेर हो," पंच म्हणाला.

"आधी वाटी सोड परत! सोड म्हणतो ना!"

पंचानं वेहामाच्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून हात आडवा फिरवला. पक्षी बाद.

"अरे, आवर त्याला!" दोलोह कळवळला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हातात आलं होतं रे!"

वेहामा आत गेला. त्यानं पिंजरा उतरवला. बुलबुल अजून बोलतच होता. सुक्रीचा चेहरा लाल झाला होता, मानेची शीर फुगली होती. तो गर्रकन बापाकडे वळला.

"आणि तुम्ही? तुम्ही काय बघत उभे राहता नुसते? तोंड नाही तुम्हाला?"

माणसं वळून बघायला लागली. भर लोकांत बापाला असं बोलायचं नसतं. आता वेहामा हात उगारणार, असंच सगळ्यांना वाटलं.

वेहामानं पिंजरा खाली ठेवला.

"बोल," तो म्हणाला. "थांबू नको, बाळा. अजून बोल."