तार षड्ज

मुलतानी राग संपला आणि सुलक्षणाने रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा लावलं. समोर बसलेल्या प्रेमराजला वाटलं, आवडलं.

शास्त्रीय गाण्याच्या नव्या रेकॉर्डिंगवर ती रविवारच्या पुरवणीत लिहायची. सहसा कुणाचं कौतुक करत नसे, म्हणूनच तिच्या चार शब्दांना धुळ्या-जळगावात वजन होतं. त्या चार शब्दांसाठी प्रेमराज साक्रीहून चैत्राच्या उन्हात मुलीला मोटरसायकलवर बसवून घेऊन आला होता. तो गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचा. दिपमाला त्याची एकुलती एक; रेकॉर्डिंग तिचंच होतं.

तान वर चढली. सुलक्षणाने डोळे मिटले. आवाज वरच्या 'सा'पर्यंत पोचला, पण सुराआधी नुसती हवा आली. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. तिला कळलं, कारण तिचा स्वतःचा गळा असाच गेला होता. तिच्याही सुरात आधी ती हवा शिरली होती. तरी ती गात राहिली. मग स्वरतंतूंवर गाठी निघाल्या, आणि त्या काढल्यावर उरला तो हा घोगरा, तुटका आवाज.

"सकाळी उठल्यावर आवाज फुटायला वेळ लागतो का गं?" तिने दिपमालाला विचारलं.

मुलीने बापाकडे पाहिलं.

"तिले मौन शे, अक्का," प्रेमराज म्हणाला. "रविवारी जळगावला पहिलं मोठं गाणं आहे ना. तोवर आवाज राखून ठेवायचा. लहानथोरांसकट बठ्ठा गाव येणार शे ऐकायला."

"रविवारी तिला गाऊ देऊ नका. उद्याच घशाच्या डॉक्टरांना दाखवा."

"सर्दी शे जराशी."

"सर्दी नाही ही. मी हे आधी ऐकलंय. माझ्याच गळ्यात ऐकलंय."

प्रेमराज उठून उभा राहिला. "हातभर होती तेव्हापासून पहाटे मांडीवर घेऊन बसायचो पेटीपुढे. तुमचं गाणं बंद पडलं, म्हणून मनी पोरनं गाणं बी बंद करता का?"

सुलक्षणाने रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह काढून त्याच्या हातात दिला. "डॉक्टर काय म्हणतात ते कळल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही."

"नका लिहू," तो म्हणाला आणि धाडधाड जिना उतरून गेला.

दिपमाला मागे थांबली. पाया पडायला वाकली आणि उठताना सुलक्षणाच्या अगदी जवळ आली. तिचे ओठ हलले. शब्द कळायला सुलक्षणाला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं.

"बाई, हे रेकॉर्डिंग दिवाळीतलं आहे."

सुलक्षणाने तिचं मनगट धरलं. "आणि आता? लागतो वरचा सा?"

दिपमालाने मान हलवली. नाही.

"बोलताही येत नाही तुला. पप्पांना माहीत आहे?"

"मौन मीच मागून घेतलं. त्यांना कळू नये म्हणून."

"आत्ता चल खाली. मी सांगते त्यांना."

"नको. त्यांचा रविवार होऊ द्या."

"अगं, पण रविवारी गाशील कशी?"

खाली हॉर्न वाजला. सुलक्षणाने मनगट आणखी घट्ट धरलं. दिपमालाने तिची बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळू, तिला दुखू नये अशी. मग ओढणी तोंडावरून गुंडाळली आणि ती जिना उतरली.

"काय म्हणाल्या गं अक्का?" खालून प्रेमराजचा आवाज आला. राग ओसरला होता. त्यात आता काळजी होती.

सुलक्षणा वरच्या पायरीवर कान देऊन उभी राहिली. खालून काहीच उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली.