आपल्या गावचा माणूस

"तुझंही नाव यादीत घालतो," सोंगट्या मांडता मांडता एल्दार म्हणाला. "गावाकडे जाणारी शुक्रवारची बस आहे. आता नाही म्हणू नकोस."

"गुडघे दुखतात रे. तो चढ झेपायचा नाही."

"चढणार बस आहे, तू नाहीस!"

जॉर्जियातल्या, तिबिलिसीच्या त्या चहाच्या दुकानात हे दोघे म्हातारे वर्षभर रोज दुपारी फासे टाकत होते. एल्दार शुशाचा, डोंगरमाथ्यावरच्या तटबंदीच्या गावाचा. रफिकही तिथेच राहिलेला निघाला तेव्हा एल्दारने त्याला मिठीच मारली होती. बोली अझरबैजानच्या राजधानीची, अस्सल बाकूची; नाव त्या मुलखात कुणाचंही असतं तसं ओळखीचं. गाव सुटलेल्या माणसाची आणखी चौकशी कोण करतो?

त्या गावाची रड सांगून सांगून लोकच कंटाळले होते. एका खानाने तट बांधला. मग रशियन आले. मधे अर्धं गाव जळलं. ब्याण्णवच्या लढाईत अझरबैजानी नेसत्या कपड्यांनिशी पळाले आणि त्यांच्या घरांत आर्मेनियन येऊन राहिले. दोन हजार वीस साली पारडं फिरलं आणि तेही तसेच पळाले. तट मात्र अजून उभा आहे, त्याला काय!

"किती वर्षं होतास रे वर?" एल्दारने विचारलं.

"अठ्ठावीस."

"मी बेचाळीस!" एल्दार ऐटीत म्हणाला आणि त्याने फोन पुढे केला. "हे बघ. पुतण्याने बाहेरून फोटो काढलाय. झऱ्यावरची गल्ली, हिरवं फाटक. माझी पोर याच घरात जन्मली. मरायच्या आधी त्या सज्ज्यात बसून एक चहा प्यायचा, बस्स. आत काय उरलंय, अल्ला जाणे. त्या मेल्यांनी फरशीसुद्धा उचकटून नेली असेल."

रफिकने फोन बराच वेळ हातात धरला.

"पळताना फरशी कोण नेतंय," तो म्हणाला.

"वा! त्यांची वकिली करतोस?" एल्दार हसला. "शेवटचं विचारतो. येतोस की नाही?"

"नाही."

रफिकने फोन परत दिला, टोपी घातली आणि तो दारापर्यंत गेला. मग वळून परत टेबलापाशी आला.

"स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो," तो म्हणाला. "जपून उघड. बसवताना माझीच चूक झाली."