राखून ठेवलेले पाय

वृंदाने मागे वळून पाहिलं, तर एक माणूस करवंदीच्या जाळीला बांधलेली केशरी फीत सोडत होता. वाट दाखवणाऱ्या या फिती गोळा करणारा शेवटच्या स्पर्धकाच्या मागून चालतो, हे तिला ठाऊक होतं.

आठ महिने तयारी करून घेताना सरांनी एकच गोष्ट घोकून घेतली होती. "डोंगरातले पन्नास किलोमीटर आहेत, बाई. निम्मी वाट जोर राखून पळा. चढ आला की चाला." वृंदा प्रत्येक चढ चालली, अगदी बारीकसासुद्धा. लोक पुढे गेले तेव्हा मनाशी म्हणाली, जाऊ देत, दमतील पुढे.

कुणी दमलं नव्हतं.

"ताई, पाय उचला," फितीवाला म्हणाला. "तीनच्या आत खिंडीत पोचलं नाही, तर पुढे सोडत नाहीत."

मग ती पळाली. दगडधोंडे न बघता, उतारावरून, आठ महिन्यांत कधी पळाली नव्हती अशी. पाय इतके हलके पडत होते की तिचं तिलाच नवल वाटलं.

खिंडीत पोचली तेव्हा तीन वाजून चार मिनिटं झाली होती. टेबलापाशी उभ्या असलेल्या बाईंनी तिच्या छातीवरचा नंबर हलक्या हाताने काढून घेतला आणि सरबताचा पेला पुढे केला.

"बसा जरा. पाय फार दुखत असतील ना?"

"नाही हो," वृंदा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मुळीच दुखत नाहीत."