चौथी शिट्टी

केतकीनं घरातल्या सगळ्या किल्ल्यांना शिट्ट्या बांधल्या आणि चिमुकल्या लेकीला, निशिगंधाला शिकवलं, "कुठं अडकली, तर तीनदा फुंकजो."

सासूबाई लीलाबाई कडाडल्या, "बाईच्या जातीनं शिट्टी मारू नये!"

"कुकरची चालते न तुमाले, आई? मंग बाईची काहून नाही?"

लीलाबाईंनी नाक मुरडलं. आपली किल्ली तेवढी शिट्टीसकट कमरेला खोचली.

एका दुपारी लोहाऱ्यातल्या त्यांच्या अपार्टमेंटची लाइट गेली. शिट्टी ऐकून केतकीनं कुकरकडं पाहिलं, तर तो कधीचाच उतरवलेला. आवाज बंद पडलेल्या लिफ्टमधून येत होता. तीनदा.

वॉचमननं दार उघडलं, तशा घामानं निथळत लीलाबाई बाहेर आल्या. शेजारणी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. लीलाबाईंनी सगळ्यांकडं एकदा रोखून पाहिलं आणि चौथी मारली.